जवानाला घोड्याचा आधार? मामा-भाचीचा एक वाद

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत घोडा आता मोजक्याच ठिकाणी भेटतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि तिथे घोडे, उंट, गाढवे यांचा मोठा बाजार लागतो. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गुरु गोविंदसिंगांच्या घोड्याचा वंश म्हणून श्रद्धेने जपलेले घोडे आहेत. हल्लाबोलच्या मिरवणुकीत ते बाहेर पडतात. याखेरीज लग्नसराईत नवरदेवाचा घोडा, आणि फारच झाले तर एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या दारात बांधलेली एखादी घोडी. याच भागात निजामाच्या काळी हिंगोली आणि अंबाजोगाई, म्हणजे तेव्हाचे मोमिनाबाद, येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाच्या छावण्या होत्या. घोडा इथल्या मातीला परका नाही. फक्त त्याचे काम संपले.

अमेरिकेत आणि इतर काही देशांत घोड्याला गेल्या काही वर्षांत एक नवे काम मिळाले आहे. युद्धावरून परतलेल्या, पण मनाने अजून तिथेच अडकलेल्या सैनिकांच्या उपचारात त्याला सामील करून घेतले जात आहे. मराठवाड्यात असे काही करावे का? लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या गावात, जिथे फौजेतून आणि सीआरपीएफमधून निवृत्त झालेली माणसे शेती, दुकान, पेन्शन असे आयुष्य जगत आहेत, तिथे या कल्पनेला अर्थ आहे का?

या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही मनापासून मांडल्या जाव्यात अशा आहेत. म्हणून पुढच्या संवादासाठी दोन माणसे कल्पिली आहेत. एक, आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचर तुकडीतून निवृत्त होऊन मुरुडला स्थायिक झालेले सुभेदार. दुसरी, त्यांची भाची, लातूरला मनोविकारतज्ज्ञ असलेली डॉक्टर. माणसे कल्पित असली तरी त्यांच्या तोंडी आलेली माहिती खरी आहे. वाटेल की घोड्याची बाजू जनावरांत आयुष्य काढलेला मामा घेईल आणि शंका डॉक्टर काढेल. इथे नेमके उलट आहे.

सुरुवात भाचीने केली. "मामा, माझ्याकडं माजी सैनिक येतो तो मनाची तक्रार घेऊन येत नाही. झोप लागत नाही, बीपी वाढलंय, डोकं दुखतं, असं सांगतो. बायको शेजारी बसलेली असते. ती हळूच म्हणते, ह्यांना फटाक्याचा आवाज सहन होत नाही, रात्री ओरडत उठतात, पोरांवर हात उगारतात. तो म्हणतो, काही नाही मॅडम, हिला उगाच वाटतं. गोळ्या घेतो, दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही."

"येणार कसा?" सुभेदार म्हणाले. "फौजेत लो मेडिकल कॅटेगरीची धास्ती असते. एकदा कागदावर चढलं की प्रमोशन अडलं, पोस्टिंग बदललं. वीस वर्षं जो 'मी ठीक आहे साहेब' म्हणत आला, तो गावात येऊन तुझ्यापुढं रडणार? आणि गावात काय म्हणतील? मिलिटरीवाला वेडा झाला! पण पोरी, जो तुझ्याकडं येत नाही तो घोड्याकडं का जाईल?"

"कारण घोडा त्याला विचारत नाही, तुम्हाला काय होतंय म्हणून."

सुभेदारांना हे पटले नाही. ते म्हणाले, "विचारत नाही तसा ऐकतही नाही. आधी मला नीट सांग, करतात काय तिकडं? घोड्यावर बसवून फिरवतात?"

भाचीने आधी घोळ दूर केला. घोडा आणि उपचार या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एक फिजिओथेरपिस्टची : घोडा चालताना त्याच्या पाठीवर बसलेल्याची कंबर जशी हलते, ती हालचाल माणसाच्या चालण्यासारखी असते, म्हणून सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या व्यायामात तिचा उपयोग करतात. दुसरी अपंगांसाठी घोडेस्वारी. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओमुळे गुडघ्याखाली पायांत बळ उरले नव्हते. त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज या प्रकारात रौप्यपदक मिळवले आणि त्यानंतर जगभर या विचाराला जोर आला. तिसरी गोष्ट मनाच्या उपचाराची. तिच्यात बहुतेक वेळा कुणी घोड्यावर बसतच नाही. सगळे काम जमिनीवर उभे राहून चालते.

"न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युवाल नेरिया आणि प्रुडन्स फिशर यांनी हे नीट बांधून केलं," ती सांगू लागली. "आठ आठवडे, आठवड्याला एक बैठक, दीड तासाची. माजी सैनिकांचा छोटा गट, सोबत एक मानसोपचारतज्ज्ञ, एक घोड्यांचा जाणकार. आधी नुसतं लांबून बघायचं, घोडे एकमेकांशी कसे वागतात ते. मग जवळ जायचं, खरारा करायचा, दोर धरून चालवायचं. पुढं पुढं दोघा-तिघांनी मिळून, दोर न लावता, घोड्याकडून काही करून घ्यायचं. आणि शेवटी बसून बोलायचं, आज काय झालं, घोडा कुठं थबकला, तुम्ही कुठं थबकलात."

"खरारा करायचा म्हणे." सुभेदारांचा आवाज थोडा मऊ झाला. "अगं, खरारा करायला शिकवायलाच एक महिना जातो. तुला माहीत आहे का घोड्याजवळ जायचं कसं?"

मग त्यांनी ते सांगितले, आणि इथे वाचकानेही थोडे थांबून ऐकावे, कारण सगळ्या उपचाराचे मर्म याच कृतीत आहे. घोड्याला अगदी नाकासमोरचे दिसत नाही आणि थेट शेपटीमागचे दिसत नाही. त्यामुळे समोरून जायचे नाही, मागून तर नाहीच. डाव्या अंगाने, तिरके, खांद्याच्या रोखाने यायचे. आधी आवाज द्यायचा. त्याचे कान बघायचे : एक कान तुमच्याकडे वळला तर त्याने तुम्हाला ऐकले; दोन्ही मागे पडले तर तिथेच थांबायचे. मग हात मानेवर टेकवायचा, थापट्या मारायच्या नाहीत. खरारा मानेकडून पाठीकडे, केसांच्या वळणाने. त्याच्या मागच्या अंगाला जायचे असेल तर एक हात सतत पुठ्ठ्यावर ठेवूनच वळायचे. "हात उचलला की त्याला कळत नाही तू कुठं गेलीस," सुभेदार म्हणाले. "कळलं नाही की घाबरतो. घाबरला की लाथ."

"मामा, हेच! पाठीमागं कोण आहे ते कळलं नाही की घाबरतो. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक विकार, झालेला जवान हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसतो, दाराकडं तोंड करून. एसटीत मागच्या सीटवर बसतो. घरात कुणी मागून खांद्यावर हात ठेवला तर एकदम वळून मनगट धरतो. घोडा शिकार होणारं जनावर आहे, त्याचं शरीर चोवीस तास धोका हुंगत असतं. जवानाला लढाईनं तसंच बनवलं. आता त्याच जवानाला घोड्याच्या मनातली भीती घालवायची आहे. त्यासाठी श्वास सैल सोडावा लागतो, खांदे खाली आणावे लागतात, पाय सावकाश टाकावे लागतात. मी माझ्या खोलीत हेच सांगते, श्वास सोडा, सैल व्हा. त्याला ते कळतं, जमत नाही. इथं जमलं की नाही ते घोडा लगेच दाखवतो. जवळ येतो, नाही तर बाजूला सरकतो."

सुभेदार बराच वेळ गप्प राहिले. खेचर तुकडीतल्या माणसाला यातले खोटे वाटण्यासारखे काही नव्हते. डोंगराळ सरहद्दीवर रात्री बर्फात ओझी वाहणाऱ्या खेचरांसोबत चालणारा जवान जनावराच्या कानांवरून पुढचा रस्ता ओळखतो. त्यांच्या कोअरमध्ये पेडोंगी नावाच्या खेचरीची गोष्ट प्रत्येकाला ठाऊक आहे : १९७१ च्या लढाईत ती शत्रूच्या हाती लागली आणि पाठीवर मशीनगन असतानाच निसटून आपल्या ठाण्यावर परत आली. जनावर माणसाला सावरते, याबद्दल सुभेदारांचा वाद नव्हताच. त्यांचा वाद वेगळा होता.

"बरं, आता हिशेब कर. एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक रात्रभर घागरी घेऊन रांगेत होते. त्या लातूरमध्ये तू उद्या चार घोडे बांधणार आणि दुष्काळ पडला की काय करणार? विकणार? ज्या जवानाला त्या घोड्याचा लळा लागला, त्याला काय सांगणार?"

"हा मुद्दा मी उडवून लावणार नाही," भाची म्हणाली.

"पुढं ऐक. हरभरा, कडबा, ओला चारा, नाल, डॉक्टर. ग्लँडर्स नावाचा रोग आहे, तो घोड्याचा माणसाला होतो. एखादा घोडा निघाला तर सगळ्या भागात घोड्यांची ने-आण बंद करतात. आणि घोडे आणणार कुठून? वरातीचे? त्या बिचाऱ्यांनी आयुष्यभर बँड, डीजे आणि कानापाशी फुटणारे फटाके सोसलेत. तो घोडाच आधी भेदरलेला असतो. भेदरलेल्या माणसाला भेदरलेल्या घोड्यापाशी उभं करणार?"

या मुद्द्याला परदेशातलाच दाखला जोडावा लागेल. अमेरिकेत आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत शहीद सैनिकांची शवपेटी घोड्यांच्या गाड्यावर नेतात. हे काम करणाऱ्या सैन्याच्या कॅसन तुकडीने २००६ पासून व्हर्जिनियातल्या फोर्ट मायर येथे जखमी सैनिकांना याच घोड्यांवर स्वारीचा उपचार द्यायला सुरुवात केली. जगभर त्याची वाहवा झाली. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या तुकडीचे दोन घोडे चार दिवसांच्या अंतराने मेले. चौकशीत निकृष्ट चारा आणि अपुरी मोकळी जागा यांचा उल्लेख आला, आणि २०२३ मध्ये घोड्यांकरवी शवपेटी नेण्याचे काम काही काळ थांबवावे लागले. जगातल्या सर्वांत श्रीमंत सैन्याच्या पागेची ही स्थिती झाली.

"बघ म्हणजे," सुभेदार म्हणाले. "आपण माणूस बरा करायला निघालो आणि जनावराचे हाल केले, असं नको. जनावर बोलत नाही म्हणून ते औषध होत नाही. त्याचाही जीव आहे."

भाचीने इथे मामांशी भांडण केले नाही. ती म्हणाली की पैसे आणि पाणी यांचे उत्तर काढता येईल, घोड्याच्या हालांना मात्र माफी नको. मग तिने विषय वळवला. "पण मामा, तुमची खरी हरकत खर्चाची नाही ना?"

"नाही. माझी खरी हरकत ही की कळणार कसं, गुण घोड्यानं आला की दुसऱ्या कशानं? आठ आठवडे चार फौजी एकत्र बसले, चहा पिला, एकमेकांशी बोलले. तेवढ्यानंच बरं वाटलं असेल. निम्मी तुकडी एका वाटेनं आणि निम्मी दुसऱ्या वाटेनं पाठवल्याशिवाय कुठली वाट जवळची ते कसं कळणार?"

सुभेदारांनी नकळत शास्त्राचा सगळ्यांत कठीण प्रश्न विचारला होता. कोलंबियाच्या अभ्यासात ६३ माजी सैनिक होते. त्यांपैकी फक्त पाच जणांनी उपचार अर्ध्यावर सोडला. जवळपास निम्म्यांच्या लक्षणांत ठळक सुधारणा दिसली आणि तीन महिन्यांनंतरही ती टिकली. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मिसुरी विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात प्रतीक्षेत ठेवलेला दुसरा गट होता, पण माणसे होती अवघी २९. सहा आठवड्यांच्या स्वारीनंतर आघाताची लक्षणे कमी झाली, एकटेपणा आणि भावना सावरण्याची क्षमता यांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्याआधी, २०१४ मध्ये, मायकेल ॲनेस्टिस आणि सहकाऱ्यांनी घोड्यांच्या मानसोपचारावरचे तोवरचे अभ्यास तपासले आणि पुरावा कमकुवत असल्याचे स्पष्ट लिहिले. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने आणि संरक्षण खात्याने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही प्राण्यांच्या साहाय्याने होणाऱ्या उपचाराबाबत हो किंवा नाही म्हणायला पुरावा अपुरा, असाच निर्वाळा आहे. त्याच सरकारचा माजी सैनिक विभाग मात्र घोड्यांच्या कार्यक्रमांना अनुदान देतो.

"मग? तूच सांगतेस पुरावा अपुरा, आणि तूच म्हणतेस घोडे आणा!"

"पुरावा कशाला आहे, तेही ऐका. आघाताच्या आठवणीला हळूहळू सामोरं नेणारी थेरपी आहे, विचारांची गाठ सोडवणारी आहे, डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर आहे. यांना भक्कम पुरावा आहे आणि माझं पहिलं औषध तेच असेल. पण सैनिकांवरच्या अशा उपचारांचा आढावा २०१५ मध्ये जामा या नियतकालिकात आला. उपचार झाल्यावरही सुमारे दोन तृतीयांश जणांना पीटीएसडीचं निदान कायम होतं. कित्येक जण तर उपचार अर्ध्यावरच सोडतात. ज्याला ती आठवण तोंडानं काढताच येत नाही, त्याला मी कुठून सुरुवात करू? माझ्या लेखी कोलंबियाच्या अभ्यासातला मोठा आकडा पाच आहे. त्रेसष्टांतले फक्त पाच जण सोडून गेले. बाकीचे येत राहिले. माणूस येत राहिला तर मी काही करू शकते."

या उत्तरात तिची सगळी भूमिका आली. तिला घोडा उपचार म्हणून नको आहे. उपचाराच्या दारापर्यंत माणसाला आणणारा आणि तिथे टिकवून धरणारा सोबती म्हणून हवा आहे.

सुभेदारांनी दुसऱ्या बाजूने गाठले. "मग घोडाच कशाला? आमच्याकडं बैल आहे, म्हैस आहे, शेळी आहे. जो जवान पेन्शनीत येतो तो दोन जनावरं घेतो. पहाटे उठून धार काढतो, वैरण टाकतो, पोळ्याला बैल सजवतो. कुणी सांगितलं नाही तरी त्याचा जीव रमतो. हा उपचार आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या फुकट चालू आहे. त्याला अमेरिकेची मोहोर कशाला?"

हा मुद्दा भाचीला मनापासून आवडला असावा, कारण ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "रमणं आणि बरं होणं यांत फरक आहे, मामा. गोठ्यात तो रमतो, पण गोठ्यात तो एकटाच असतो. काही जण तर माणसं टाळायलाच गोठ्यात जाऊन बसतात. त्या उपचारात शेवटचा अर्धा तास महत्त्वाचा आहे. शेजारी दुसरा फौजी असतो, त्यालाही तेच झालेलं असतं, आणि मध्ये एक शिकलेला माणूस असतो. बैलानं हे होणार नाही असं मी म्हणत नाही. घोडा आणि बैल यांची तुलना कुणी केली तर मला आनंदच होईल. पण घोडा अंगानं मोठा, स्वभावानं भित्रा, आणि माणसाच्या शरीराकडं बारीक लक्ष देणारा. त्याच्याशी जबरदस्ती चालत नाही. ज्यानं आयुष्यभर हुकूम दिले आणि घेतले, त्याला विनंती करायला शिकवणारं जनावर आहे ते."

सुभेदार किंचित हसले. खेचराला विनंती करावी लागते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार!

लातूर जिल्ह्यात आघाताविषयी बोलताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट टाळता येत नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. ढिगाऱ्यांखालची प्रेते काढायला लष्कराच्या तुकड्या आल्या. घर उभे राहिले तरी छताखाली झोपायला न धजणारी माणसे या भागाने पुढे वर्षानुवर्षे पाहिली. तेव्हा मदत आली ती धान्य, पत्रे आणि पुनर्वसित गावे या रूपात. मनासाठी येणारी मदत त्या मानाने फार थोडी होती. भाचीने याच अनुभवाचा आधार घेतला. "आघात म्हणजे फक्त सरहद्द नव्हे. ढिगारा उपसणारा जवानही तो घेऊन जातो, आणि नक्षलवादी भागात सुरुंगाच्या स्फोटानंतर सोबत्याचे अवयव गोळा करणारा सीआरपीएफचा जवानही. मुदखेडला आणि लातूरला त्यांची प्रशिक्षण केंद्रं आहेत. पोरं इथूनच घडून बाहेर जातात."

"आणि त्यांना आमच्यासारखी माजी सैनिकांची ईसीएचएस आरोग्य योजनाही नाही," सुभेदार म्हणाले. "तिथंच माझा जीव अडकतो, पोरी. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यासाठी जालन्याचं मंजूर झालं, त्याची वाट बघतोय. मुरुडच्या एखाद्या जवानाला आठवड्यातून एकदा बोलायला जवळपास माणूस नाही. आधी तो माणूस दे. समुपदेशक दे. मग घोडा आण. भाकरी नसताना तोंडीलावणं कशाला?"

यावर भाचीकडे पूर्ण उत्तर नव्हते, आणि तिने तसे भासवलेही नाही. तिने एवढेच दाखवून दिले की महाराष्ट्रात सैनिकाच्या पुनर्वसनाची परंपरा जुनी आहे आणि ती नेहमी वेगळ्या वाटेने पुढे गेली आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना धंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आजही पुण्याजवळ खडकीत आहे. कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ पासून आहे. मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ मध्ये उभे राहिले. तिथल्या खेळाडूंनी चाकाच्या खुर्चीवरून मैदाने गाजवली. तुटलेल्या पायासाठी शंभर वर्षांपूर्वी जी धडपड सुरू झाली, ती मोडलेल्या झोपेसाठी आता कुठे सुरू होत आहे. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला, ही त्या दिशेची एक पायरी.

"ठीक आहे," सुभेदार म्हणाले. "समज, मी हो म्हटलं. कसं करशील?"

आता संवादाचा सूर बदलला. दोघे मिळून हिशेब मांडू लागले, आणि जे निघाले ते कुठल्याही परदेशी पुस्तकात नव्हते.

घोडे विकत घ्यायचे नाहीत. ज्यांच्याकडे आधीच घोडे आहेत, नीट राखलेले आहेत, त्यांच्याकडून दिवाळी ते होळी अशा थंडीच्या महिन्यांत ठरावीक दिवशी भाड्याने घ्यायचे. उन्हाळ्यात बंद. भीमथडी हा महाराष्ट्राच्या पठारावरचा काटक घोडा. देशी जात म्हणून त्याची राष्ट्रीय नोंद नुकतीच झाली आहे. तो इथल्या हवेला आणि चाऱ्याला सरावलेला असतो. वरातीचा घोडा घ्यायचा नाही, हा सुभेदारांचा आग्रह भाचीने जसाच्या तसा मान्य केला. दर घोड्यामागे दिवसाला एकच बैठक आणि घोड्याने नकार दिला तर त्या दिवशी सुट्टी, हाही.

स्वारी अजिबात नाही. सगळे काम जमिनीवर. दारू पिऊन आलेल्याला त्या दिवशी घोड्याजवळ सोडायचे नाही, पण परतही पाठवायचे नाही. चहा द्यायचा आणि बाजूला बसवायचे. प्रत्येक गटासोबत प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे. तो नसेल तर बैठक रद्द. गोळ्या चालू असतील त्या चालूच. घोडा आला म्हणून कुणी गोळी सोडायची नाही.

घोड्यांचा जाणकार कुठून आणायचा, या प्रश्नावर मात्र सुभेदार थबकले. भाची त्यांच्याकडे पाहत राहिली. रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आणि खेचर तुकड्या यांतून निवृत्त झालेली माणसे महाराष्ट्राच्या गावोगाव आहेत. जनावर हाताळण्याचे असे कसब दुसऱ्या कुणाकडे नाही आणि आज त्या कसबाला कुणी विचारत नाही. जवानाला शिकवणारा स्वतः जवान असला, तर 'मी ठीक आहे साहेब' हे वाक्य त्याच्यापुढे फार काळ टिकत नाही.

आणि मोजमाप. सुभेदारांची निम्म्या-निम्म्या तुकडीची अट भाचीने तशीच उचलली. अर्ध्या माजी सैनिकांना नेहमीचे उपचार आणि गटात बसणे, अर्ध्यांना तेच अधिक घोडा. झोप, दुःस्वप्ने, दारू, घरातली भांडणे यांची नोंद सुरुवातीला, आठ आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी. लातूरच्या शासकीय वैद्यकीय संस्थेसारख्या ठिकाणी हा अभ्यास होऊ शकतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांच्या याद्या असतात. घोड्याने फरक पडला नाही असे निघाले तर तसे छापून थांबायचे. त्यात कमीपणा नाही.

मतभेद तरीही मिटला नाही. मामा म्हणत राहिले की समुपदेशकाची जागा भरल्याशिवाय एक पैसाही घोड्यावर नको. भाची म्हणत राहिली की जागा भरेपर्यंत थांबलो तर आणखी एक पिढी गोठ्यात एकटी बसेल; दोन्ही बरोबर सुरू झाले पाहिजे.

प्रस्तुत लेखकाला मामांचा क्रम बरोबर वाटतो आणि भाचीची घाई रास्त वाटते. घोडा हा उपचाराला पर्याय म्हणून विकणारा कुणी दारात आला, तर त्याला परत पाठवावे. पण प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाच्या नजरेखाली, निवृत्त सैनिकांच्या हातून, जनावराची काळजी घेत आणि नोंदी ठेवत मराठवाड्यात असा एक छोटा प्रयोग होत असेल, तर त्याला जागा, पाणी आणि दोन-तीन वर्षांचा वेळ द्यायला हवा. हे काम सैनिक कल्याण विभाग, वैद्यकीय महाविद्यालय आणि पशुसंवर्धन खाते यांनी एकत्र बसून हाती घ्यावे. स्वयंसेवी संस्थांच्या उत्साहावर ते सोडू नये.

तोवर वाट पाहण्याची गरज नाही. तुमच्या घरात, शेजारी, भावकीत कुणी माजी सैनिक रात्री दचकून उठत असेल, माणसे टाळत असेल, बारीक कारणावरून भडकत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलून दाखवत असेल, तर ते स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो स्वतः फोन करणार नसेल तर घरच्यांनी करावा.